बांधणाऱ्याचा इतिहास : नायगाराच्या दोरापासून हायलाइनपर्यंत

१/ डोंबाऱ्याचा खेळ पाहणाऱ्या गर्दीची नजर दोरीवरच्या मुलीच्या पावलांवर असते. दोन्ही टोकांना बांबूची कैची कोणी उभी केली, खुंट्या जमिनीत किती खोल गेल्या, दोरीचा ताण कोणी पारखला, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इतिहासातही बहुधा असेच घडते. चालणाऱ्याचे नाव उरते, बांधणारा विस्मृतीत जातो.

२/ हा धागा त्या बांधणाऱ्यांविषयी आहे. दोन कड्यांमध्ये, खोल दरीवर, साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी ताणून तिच्यावर चालण्याच्या खेळाला ‘हायलाइन’ म्हणतात. चाळीस वर्षांत या खेळातले अंतर १७ मीटरवरून साडेतीन किलोमीटरच्या पुढे गेले. पावलांचे कौशल्य वाढले हे खरेच. पण त्याहून अधिक वाढले ते पट्टी सुरक्षित बांधण्याचे ज्ञान. ते कसे घडले, आणि त्यासाठी कोणी किंमत मोजली, ते पाहू.

३/ आरंभ नायगारापासून करू. ३० जून १८५९ रोजी ब्लोंदाँ या नावाने गाजलेला फ्रेंच कसरतपटू झाँ फ्रांस्वा ग्राव्हले याने नायगाराची घळ दोरावरून ओलांडली. दोर सुमारे ३३५ मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर जाड होता, आणि तो वनस्पतीच्या तंतूंपासून वळलेला होता. पाणी कित्येक मीटर खाली उसळत होते. काठावर हजारोंची गर्दी जमली होती.

४/ एवढा लांब दोर कितीही ताणला तरी आपल्याच वजनाने झुकतो आणि वाऱ्याने हेलकावतो. त्यावर उपाय म्हणजे तणावे. तंबूला जसे चहूबाजूंनी तणावे देतात, तसे मुख्य दोराला ठरावीक अंतरावर आडवे दोर बांधून दोन्ही काठांवर खिळवले होते. मधल्या काही भागापर्यंत मात्र तणावे पोहोचू शकत नव्हते. तेवढा टप्पा सर्वांत अस्थिर होता.

५/ ब्लोंदाँने पुढे डोळ्यांवर पट्टी बांधून, हातगाडी ढकलत, आणि १७ ऑगस्ट १८५९ रोजी आपला व्यवस्थापक हॅरी कोलकॉर्ड याला पाठीवर घेऊन तीच घळ ओलांडली. ही वर्णने सर्वत्र आढळतात. काठावर तणावे ओढून धरण्याची व्यवस्था ज्यांनी उभारली, त्या मजुरांची नावे लोकप्रिय वर्णनांत क्वचितच दिसतात.

६/ त्यानंतर थोड्याच काळात डब्लिनमध्ये जे घडले ते अधिक बोलके आहे. तेथील पोर्टोबेलो बागेत ब्लोंदाँचा प्रयोग चालू असताना दोर तुटला आणि आधाराचा मचाण कोसळला. ब्लोंदाँ सुखरूप राहिला. मचाणावर काम करणारे दोन मजूर खाली पडून मरण पावले.

७/ चौकशी झाली, तुटलेला दोर तपासला गेला. ब्लोंदाँवर ठपका आला नाही. न्यायाधीशांनी दोर बनवणाऱ्याकडे बोट दाखवले. पुढे त्याच शहरात ब्लोंदाँ आणखी उंचावर चालला. या घटनेतला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे : धोका पत्करल्याचे श्रेय एकाला मिळाले, आणि बांधणीतल्या दोषाची किंमत इतरांनी चुकती केली.

८/ विसाव्या शतकात दोराची जागा पोलादी तारेने घेतली. तार तुटण्याची भीती कमी झाली, पण बांधणीचा प्रश्न सुटला नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ७ ऑगस्ट १९७४ चे. फिलिप पेती हा फ्रेंच तरुण त्या दिवशी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये, सुमारे ४०० मीटर उंचीवर चालला. तो सुमारे पाऊण तास तारेवर होता.

९/ त्या पाऊण तासामागे अनेक महिन्यांची तयारी होती आणि अखेरीस एक दीर्घ रात्र होती. परवानगी नव्हती. पेतीचा मित्र झाँ-लुई ब्लोंदो याने एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर धनुष्यबाणाने मासेमारीची बारीक दोरी सोडली. तिला क्रमाक्रमाने जाड दोऱ्या जोडून शेवटी सुमारे दोनशे किलो वजनाची पोलादी तार पलीकडे न्यायची, अशी योजना होती.

१०/ मध्येच तार हातांतून वेगाने सुटली आणि दोन मनोऱ्यांच्या मध्ये खोल लोंबकळू लागली. ती हातांनी पुन्हा वर ओढण्यात रात्रीचे तास गेले. शिवाय उंच इमारती वाऱ्याने डोलतात, म्हणजे तारेचा ताण सतत बदलत राहतो. म्हणून तिलाही तणावे द्यावे लागले. सकाळी जगाने पेतीला पाहिले. रात्रभर तार ओढणारे हात छायाचित्रांत फारसे आले नाहीत.

११/ चारच वर्षांनी याची दुसरी बाजू दिसली. २२ मार्च १९७८ रोजी कार्ल वॉलेंडा हा ७३ वर्षांचा ख्यातनाम तारकसरतपटू पोर्तो रिकोतील सान हुआन येथे एका हॉटेलच्या दोन मनोऱ्यांमध्ये, सुमारे ३७ मीटर उंचीवर चालत होता. वारा जोराचा होता. तार हेलकावू लागली, त्याचा तोल गेला आणि तो खाली कोसळून मरण पावला.

१२/ तणावे चुकीच्या पद्धतीने जोडले गेल्यामुळे तार हलली, असे त्याच्या कुटुंबाचे म्हणणे होते. अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव असलेला माणूसही दुसऱ्याने बांधलेल्या दोरीवर अवलंबून असतो. सर्कशीच्या परंपरेत पडणे हे गणितात धरलेलेच नव्हते. सगळी बांधणी चालणारा पडणार नाही या गृहीतकावर उभी होती. ते गृहीतक मोडले की पुढे काहीच उरत नसे.

१३/ हे गृहीतकच ज्यांनी बदलले, ते सर्कशीतले नव्हते. ते गिर्यारोहक होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात यावे लागेल. तेथील ‘कॅम्प फोर’ हा तळ म्हणजे अमेरिकेतील गिर्यारोहणाची काशी. १९६० च्या दशकात तेथे मुक्काम ठोकलेले चक प्रॅटसारखे आरोहक रिकाम्या वेळेत वाहनतळावरच्या सैल साखळ्यांवर आणि दोरांवर तोल साधण्याचा खेळ खेळत.

१४/ या मंडळींच्या हाती एक नवे साहित्य आले होते : नायलॉन. १९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्र्या आणि लष्करी दोर यांसाठी ते वापरले गेले, आणि युद्धानंतर आरोहकांपर्यंत पोहोचले. जुना दोर झटक्याने तुटे. नायलॉन ताणले जाते आणि पडणाऱ्याचा झटका स्वतःत सामावून घेते.

१५/ यामुळे गिर्यारोहणात एक मूलभूत पालट झाला. ‘पडायचे नाही’ या नियमाची जागा हळूहळू ‘पडलो तरी दोर झेलेल अशी व्यवस्था हवी’ या विचाराने घेतली. कड्यात दोन स्वतंत्र आधार, त्यांवर समान भार, प्रत्येक गाठ दुसऱ्याने तपासलेली, ही शिस्त याच काळात रुजली. हायलाइन या शिस्तीच्या पोटी जन्माला आली.

१६/ १९७९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमधील ॲडम ग्रोसॉव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोन विद्यार्थ्यांनी आरोहणात वापरली जाणारी नायलॉनची चपटी पट्टी, म्हणजे वेबिंग, झाडांमध्ये ताणून तिच्यावर चालायला सुरुवात केली. गोल दोर पायाखाली वळतो. पट्टी तळव्याला टेकते, पण रबरासारखी वरखाली आणि आजूबाजूला हलते. चालणाऱ्याच्या हातात तोल राखण्याची काठी नसते.

१७/ पट्टी ताणण्यासाठी त्यांच्याकडे यंत्र नव्हते. होती ती आरोहकांची नेहमीची कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. पट्टी कड्यांमधून अशा रीतीने फिरवायची की प्रत्येक फेऱ्यात ओढण्याचे बळ वाढेल आणि शेवटचा वेढा आपल्याच घर्षणाने अडकून राहील. ही रचना आजही एलिंग्टनच्या नावाने ओळखली जाते. चार-पाच कड्या आणि एक पट्टी, एवढ्यावर एक खेळ उभा राहिला.

१८/ आता स्थळाचा प्रश्न. योसेमिटीच्या उत्तर कड्यालगत ‘लॉस्ट ॲरो स्पायर’ नावाचा ग्रॅनाइटचा सुळका आहे. मुख्य कड्यापासून तो एका खिंडीने विलग झालेला आहे, आणि त्याचे टोक खोऱ्याच्या तळापासून सुमारे ८८० मीटर उंच आहे. १९४६ मध्ये चार आरोहकांनी मुख्य कड्यावरून टोकावर दोर फेकून तो प्रथम गाठला आणि परतताना दोरावरून लटकत दरी ओलांडली.

१९/ या लटकत ओलांडण्याच्या तंत्राला आपल्याकडे ‘व्हॅली क्रॉसिंग’ म्हणतात. लोणावळ्या-खंडाळ्याजवळच्या नागफणीवर अनेक मराठी ट्रेकर्सनी ते अनुभवले आहे. हायलाइन ही त्याच भूमितीची पुढची पायरी होय : दोन अढळ बिंदू, मध्ये दरी, आणि आडवा ताणलेला दोर. फरक एवढाच की क्रॉसिंगमध्ये माणूस दोराखाली असतो, हायलाइनमध्ये वर.

२०/ १९८३ मध्ये ग्रोसॉव्स्की आणि एलिंग्टन यांनी लॉस्ट ॲरोवर पोलादी तार बांधली. दोघांपैकी कोणालाही ती ओलांडता आली नाही. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियात स्कॉट बाल्कम आणि क्रिस कार्पेंटर या तरुणांनी पॅसाडेनातील एका महामार्गाच्या पुलाखाली नायलॉनची पट्टी बांधली आणि बाल्कम तिच्यावर चालला. पट्टीवरची ही पहिली हायलाइन मानली जाते.

२१/ पूल हा त्यांचा वर्ग होता. तेथे पट्टी किती ताणते, कोपऱ्यावर कशी घासते, पडल्यावर कमरेची दोरी कशी झेलते, हे सारे समजले. १९८४ मध्ये ते लॉस्ट ॲरोवर गेले आणि अयशस्वी होऊन परतले. १३ जुलै १९८५ रोजी बाल्कमने ती सुमारे १७ मीटरची दरी पट्टीवरून ओलांडली. दुसऱ्यांदा ती ओलांडली जायला १९९३ उजाडले. तो मान डॅरिन कार्टरचा.

२२/ आठ वर्षांचे हे अंतर पुष्कळ सांगून जाते. त्या काळी बांधणीचे ज्ञान पुस्तकात नव्हते. ज्याला शिकायचे असेल त्याला जाणत्याजवळ राहावे लागे. योसेमिटीत ‘चोंगो’ या नावाने ओळखला जाणारा चार्ल्स टकर हा असाच एक गुरू. पुढे प्रसिद्धी पावलेला डीन पॉटर त्याच्याकडूनच पट्टीवर चालायला शिकला. आपल्याकडील गुरु-शिष्य परंपरेसारखीच ही व्यवस्था होती. तिची खोली मोठी, पण आवाका लहान होता.

२३/ आता थोडे गणित पाहू, कारण या इतिहासाचे मर्म त्यात आहे. ५० मीटर लांबीच्या पट्टीवर मध्यभागी ७० किलो वजनाचा माणूस उभा आहे. पट्टी १ मीटर झुकली असेल, तर प्रत्येक टोकावर सुमारे ८७५ किलो वजनाइतका ताण येतो. ती अधिक ताणून झोक अर्ध्या मीटरवर आणला, तर ताण दुप्पट, म्हणजे सुमारे १७५० किलो होतो.

२४/ आणि झोक ५ मीटर ठेवला तर? ताण पावणेदोनशे किलोच्या आसपास उतरतो. माणूस तोच, दरी तीच. बांधणाऱ्याच्या निर्णयाने भार दहापट बदलला. चांगल्या कॅराबिनरची लांबीच्या दिशेतली क्षमता दोन हजार किलोच्या थोडी पुढे असते. म्हणजे ‘घट्ट बांधले की सुरक्षित’ ही सहजबुद्धी येथे माणसाला मर्यादेच्या काठावर नेऊन उभी करते.

२५/ पहिल्या पिढीचा कल ताठ पट्टीकडे होता, कारण ती कमी हलते. पुढच्या पिढ्या सैल पट्टीवर तोल साधायला शिकल्या, आणि मगच अंतरे वाढू शकली. चालणाऱ्याने अधिक हलणारी पट्टी पत्करली, म्हणून बांधणाऱ्याला आधारांवरचा भार कमी ठेवता आला. कौशल्य आणि सुरक्षितता यांचा असा सौदा या खेळात वारंवार दिसतो.

२६/ दुसरा मोठा बदल ‘बॅकअप’चा. मुख्य पट्टीखाली दुसरी, सैल पट्टी. तिचे आधार वेगळे, जोड वेगळे. मुख्य पट्टी तुटली किंवा तिचा जोड सुटला, तर माणूस काही मीटर खाली येऊन दुसरीवर लटकतो. चालणाऱ्याच्या हार्नेसला बांधलेली दोरी, म्हणजे लीश, एका धातूच्या रिंगला जोडलेली असते, आणि ती रिंग दोन्ही पट्ट्यांभोवती सरकत पुढे जाते.

२७/ यामागचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : कोणत्याही एका वस्तूच्या अपयशाने माणूस मरता कामा नये. डब्लिनच्या बागेत एक दोर तुटला आणि दोघे गेले. तेथे दुसरा दोर नव्हता. नव्या बांधणीत मात्र प्रत्येक दुव्यापाशी ‘हा निकामी झाला तर पुढे काय?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर आधीच बांधून ठेवलेले असते.

२८/ तरीही प्रत्येक उपायातून नवा प्रश्न निघाला. खालची सैल पट्टी वाऱ्यात फडफडू लागली, म्हणून दोन्ही पट्ट्या ठरावीक अंतरावर चिकटपट्टीने जोडल्या गेल्या. चपटी पट्टी वाऱ्यात थरथरते. या कंपनाने शॅकलची, म्हणजे धातूच्या जोडकडीची, खीळ हळूहळू फिरून सुटू शकते. म्हणून खिळी अडकवून ठेवण्याची पद्धत आली, आणि कंपन कमी करण्यासाठी पट्टीला मुद्दाम पीळ देण्याची युक्ती सापडली.

२९/ पट्टी खडकाच्या धारेवर घासली तर आतले तंतू झिजत जातात. वरून पाहणाऱ्याला कदाचित काहीच दिसत नाही. म्हणून धारेवर जाड आच्छादन आले, काही ठिकाणी पट्टी खडकापासून उचलून धरणारे तिकाटणे आले. गाठ मारली की पट्टीची ताकद घटते, म्हणून गाठीऐवजी पट्टी गुंडाळून धरणारी खास साधने बनली. यांतली एकही सुधारणा नाट्यमय नाही. प्रत्येकीमागे कोणाच्या तरी लक्षात आलेली एखादी बारीक चूक आहे.

३०/ एक दुवा मात्र आजही एकेरीच आहे : लीश, तिची गाठ आणि हार्नेस. तेथे दुसरी प्रत नसते. पट्टीवर जाण्यापूर्वी ती आठाची गाठ स्वतः तपासायची आणि सोबत्याकडून तपासून घ्यायची, हा नियम म्हणूनच सर्वांत कडक मानला जातो. अत्याधुनिक साधनांच्या या खेळात शेवटचा बॅकअप दुसऱ्या माणसाची नजर हाच आहे.

३१/ लीश न बांधता चालणारेही झाले. डॅरिन कार्टरने १९९५ मध्ये लॉस्ट ॲरो तशीच ओलांडली. पुढे डीन पॉटरनेही अशा चाली केल्या. पण तोल गेला तर लीशविना चालणारा पट्टीच हातांनी पकडतो. म्हणजे बांधणीवरचा त्याचा विश्वास लीश बांधणाऱ्यापेक्षाही मोठा असावा लागतो. बांधणाऱ्याला वगळणारे धाडस या खेळात अस्तित्वातच नाही.

३२/ २००० नंतरच्या दशकात चित्र झपाट्याने पालटले. बागेत दोन झाडांना बांधायचे, खटक्याच्या दांड्याने ताणायचे तयार संच बाजारात आले. पाच मिनिटांत पट्टी तयार. खेळ युरोपभर आणि पुढे जगभर पसरला. त्याचबरोबर चालणे आणि बांधणे यांची फारकत झाली. ताण म्हणजे काय, हे न कळताही आता चालता येऊ लागले. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर हे चालून जाते, दरीवर नाही.

३३/ याच टप्प्यावर गिर्यारोहकांची आणखी एक परंपरा कामी आली : अपघात न लपवण्याची. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी गिर्यारोहणातील अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध करतो. काय घडले, कोणता दुवा निकामी झाला, काय टाळता आले असते. उद्देश दोषी ठरवण्याचा नसतो. पुढच्याने तीच चूक करू नये, एवढाच असतो.

३४/ २०१५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्लॅकलाइन संघटनेने हीच वाट धरली. अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग यांच्या नोंदी गोळा करणे, साधनांविषयी इशारे देणे, बांधणीचे प्रशिक्षण देणे, ही कामे तिने हाती घेतली. टळलेल्या अपघाताची नोंद विशेष मोलाची. तिच्यात शिकण्याचे सगळे साहित्य असते आणि कोणाचा जीव गेलेला नसतो.

३५/ आज हायलाइन बांधायला शिकण्याचा मान्य क्रम या इतिहासातूनच आला आहे. आधी जमिनीलगत कड्या-पट्टीची साधी बांधणी करून ताण समजून घ्यायचा. मग पूर्ण हायलाइनची रचना खालीच उभारून पाहायची. त्यानंतर जाणत्यांच्या हाताखाली अनेक बांधण्यांत मदतनीस व्हायचे. पडलेल्याला परत आणण्याचा सराव करायचा. स्वतंत्रपणे आधार निवडणे सर्वांत शेवटी येते.

३६/ पुस्तके आणि चित्रफिती आल्या तरी जाणत्याजवळ बसण्याचा टप्पा गळून पडलेला नाही, याचे कारण खडक आहे. योसेमिटीचा ग्रॅनाइट एकसंध. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. एक थर घट्ट, त्याखालचा सच्छिद्र किंवा पावसाने कुजलेला. अलीकडच्या वर्षांत सह्याद्रीतही हायलाइन बांधल्या गेल्या आहेत. येथे बोल्टची क्षमता छापील आकड्यावर ठरत नाही. तो ज्या खडकात ठोकला, त्या खडकावर ठरते.

३७/ हातोड्याने ठोकून खडकाचा नाद ऐकायचा. पोकळ वाजला तर तो आधार सोडून द्यायचा. ही पारख आपल्याकडच्या सुळके चढणाऱ्या पिढ्यांनी वर्षानुवर्षे जपली आहे. परदेशी पुस्तकातला आकडा आणि स्थानिक हाताला कळणारा खडक, दोन्ही एकत्र आले तरच बांधणी पुरी होते. हा धागा इतिहास सांगतो. तो वाचून कोणी दरीवर पट्टी बांधायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

३८/ या साऱ्या शिस्तीचे फळ अंतरांत दिसते. १९८५ मध्ये १७ मीटर. २०१७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नावासेल येथे १६६२ मीटर. मे २०२२ मध्ये नातां पोलां हा फ्रेंच तरुण माँ सें-मिशेल या प्रसिद्ध मठबेटाकडे २२०० मीटर चालत गेला. अशा लांबीची पट्टी पलीकडे नेणे, ताणणे, विमानांना दिसावी म्हणून खुणावणे, यासाठी अनेक दिवस आणि मोठा चमू लागतो.

३९/ १० जुलै २०२४ रोजी एस्टोनियाचा यान रोसे इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांमधील मेसिना सामुद्रधुनीवर ३६४६ मीटरच्या पट्टीवर चालला. जवळजवळ तीन तास. शेवटाला सुमारे ८० मीटर उरले असता त्याचा तोल गेला आणि तो पडला. लीशने झेलले. तो पुन्हा पट्टीवर चढला आणि पलीकडे पोहोचला. न पडता ओलांडण्याचा नियम असल्याने विक्रमाची नोंद मात्र झाली नाही.

४०/ सान हुआन आणि मेसिना शेजारी ठेवून पाहावे. दोघेही निष्णात, दोघेही उंचावर, दोघांचाही तोल गेला. १९७८ मध्ये त्या क्षणाचा अर्थ मृत्यू होता. २०२४ मध्ये त्याचा अर्थ हुकलेला विक्रम, एवढाच होता. या दोन अर्थांमध्ये नायलॉन आहे, दुसरी पट्टी आहे, एक रिंग आहे, आणि आपल्या चुका लिहून ठेवणाऱ्या अनेक माणसांची चाळीसएक वर्षे आहेत.

४१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक प्रश्न सोबत नेता येईल. कोणत्याही पराक्रमाचे वर्णन वाचताना, मग तो कड्यावरचा असो, समुद्रावरचा असो की रणांगणावरचा, दोर कोणी बांधला होता, असे विचारावे. आणि तो तुटला असता तर कोण पडले असते, हेही.

धागा समाप्त.